न दुखणारं दुखणं



आज बीपीवर बोलायचंय. बीपीचं नाव काढलं की बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "मला कुठं काय होतंय? डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. बीपी श्रीमंतांना." हे वाक्य आम्हीही कधीकाळी म्हटलंय. म्हणून आधी आमच्याच गटातली गोष्ट सांगतो.

आमच्या गटात एक मावशी आहेत. हिशोबाला पक्क्या. बँकेच्या पासबुकावर पहिली सही त्यांची. चौथीपर्यंत शिकलेल्या, पण सही अशी वळणदार की बँकेतला साहेब बघत राहायचा. उपकेंद्रातल्या तपासणीत त्यांचं बीपी जास्त निघालं. गोळी सुरू झाली. तीन महिन्यांनी मोजलं तर बीपी अगदी जागेवर. मावशी म्हणाल्या, "आता बरी झाले की. उगीच कशाला गोळ्या खायच्या?" आम्ही सगळ्याजणींनी मान डोलावली. एकीनंही "मावशी, थांबा" म्हटलं नाही. ते आमचं चुकलं.

सुगीच्या दिवसात एका सकाळी चूल पेटवताना त्यांच्या हातातली काडी गळून पडली. उजवा हात उचलेना, तोंड एका बाजूला वाकडं झालं, बोलणं अडखळायला लागलं. घरच्यांना वाटलं, वारं लागलं. दुपारपर्यंत हाताला तेल चोळत बसले. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. मावशी वाचल्या. आता काठी घेऊन चालतात, सगळं समजतं, थोडं थोडं बोलतात. पण पासबुकावर सहीच्या जागी अंगठा उमटतो. दर महिन्याला तो अंगठा बघताना आम्हाला एकच आठवतं. ती गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होती.

त्यानंतर आम्ही ठरवलं, हा विषय नीट समजून घ्यायचा. गेल्या काही वर्षांत बीपीवर जगात मोठमोठे अभ्यास झालेत. त्यातले बरेचसे खेड्यापाड्यात, आपल्यासारख्याच माणसांवर झालेत. त्यांतून जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो. त्यातलं बरंच काही आपल्याच हातातलं आहे.

बीपी म्हणजे नेमकं काय?

शेतातली ठिबकची नळी डोळ्यापुढे आणा. मोटार जोरात चालली की नळीवर दाब येतो. थोडा वेळ आला तर नळी सोसते. वर्षानुवर्षं जास्तच दाब राहिला तर एखाद्या ठिकाणी नळी कडक होते, तुंबते, नाहीतर फुटते. आपल्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं असंच होतं. मेंदूतली वाहिनी तुंबली किंवा फुटली की लकवा. हृदयाची तुंबली की झटका. मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्या खराब झाल्या की किडनी निकामी. आणि हे सगळं होत असताना नळी ओरडत नाही. दुखत नाही, खुपत नाही.

बीपीचे दोन आकडे असतात. वरचा आकडा हृदय आकसतं तेव्हाचा, खालचा हृदय सैल पडतं तेव्हाचा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा 140 किंवा जास्त, किंवा खालचा 90 किंवा जास्त येत असेल, तर त्याला बीपीचा आजार म्हणतात. एकदाच मोजून ठरवत नाहीत. मात्र 180 किंवा 110 च्या वर आलं तर पुढच्या आठवड्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

आणि हा आजार फक्त श्रीमंतांचा नाही. 2019 ते 2021 मध्ये देशभर झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 वर्षांवरच्या बायकांपैकी 21 टक्के आणि पुरुषांपैकी 24 टक्के जणांना बीपी होतं. म्हणजे दहा-बाराजणींच्या गटात दोघीजणी तरी धरून चाला. गरोदरपणात जिचं बीपी वाढलं होतं, तिला पुढे आयुष्यात बीपी होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. बाळंतपण झालं, बीपी उतरलं, की आपण ते विसरून जातो. तसं करू नका. अशा बाईनं दरवर्षी मोजून घ्यावं.

मोजायचीही रीत असते

पहिला मुद्दा मोजण्याचा. तुम्ही म्हणाल, त्यात काय? पट्टा बांधला, बटण दाबलं, आकडा आला. पण आकडा खरा असेल तर उपयोग.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 133 माणसांचं बीपी हात तीन प्रकारे ठेवून मोजलं. एकदा हात टेबलावर, हृदयाच्या पातळीवर टेकवून. एकदा मांडीवर ठेवून. एकदा बाजूला लोंबता सोडून. 2024 साली त्याचे निष्कर्ष आले. माणूस तोच, मशीन तेच, पण हात मांडीवर असताना वरचा आकडा सरासरी 4 नं जास्त आला आणि हात लोंबता असताना साडेसहानं जास्त. आता बघा, जिचं खरं बीपी 135 आहे, तिचं 141 दिसलं तर ती उगीच आजारी ठरेल. आपल्याकडे शिबिरात किती वेळा असं होतं! बाई उभ्याउभ्याच हात पुढे करते, किंवा स्टुलावर बसून हात मांडीवर.

त्याच गावात त्याआधी, 2023 साली, पट्ट्याच्या मापावरही अभ्यास आला होता. दंड जाड आणि पट्टा नेहमीच्या मापाचा, म्हणजे घट्ट, असेल तर आकडा फुगून येतो. ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागत होता त्यांचा वरचा आकडा तर सरासरी 19 हून जास्त फुगला. उलट दंड बारीक आणि पट्टा मोठा, तर आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. आपल्यातल्या कितीतरी जणींचे दंड बारीक असतात. त्यांचं बीपी असून लपून राहू शकतं. तेव्हा पट्टा सैल वाटत असेल तर विचारायला लाजू नका, "ताई, लहान पट्टा आहे का?"

मोजताना एवढं पाळायचं. आधी अर्धा तास चहा नाही, मिश्री नाही, तंबाखू नाही. मिश्रीचं मुद्दाम सांगतो, कारण दात घासायचं काम म्हणून ती आपण तंबाखूत धरतच नाही. पण तिच्यात तंबाखूच आहे आणि तंबाखूनं बीपी चढतं. लघवी करून यायचं. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं. पाय जमिनीवर, एकमेकांवर नाही. ब्लाउजची बाही घट्ट असेल तर पट्टा बाहीवर बांधायचा नाही. हात टेबलावर टेकलेला, दंड हृदयाच्या पातळीला. मोजताना बोलायचं नाही. एक मिनिट थांबून पुन्हा एकदा मोजायचं. आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. "नॉर्मल आहे" एवढं ऐकून उठायचं नाही. आकडा विचारायचा. तो आपला आहे.

मिठाचा पुडा

आता चुलीजवळ येऊ. मीठ कमी खा, हे सगळेच सांगतात. पण मिठानं खरंच जीव वाचतो का, हे कुणी पारखून पाहिलं?

पाहिलं. चीनच्या ग्रामीण भागात, 600 गावांमध्ये, जवळजवळ 21 हजार माणसांवर. त्यांना आधी लकवा झालेला होता किंवा त्यांचं वय साठ आणि वर असून त्यांना बीपी होतं. अर्ध्या गावांत नेहमीचं मीठ चालू ठेवलं. उरलेल्या अर्ध्या गावांत वेगळं मीठ फुकट दिलं. ते चवीला खारटच, पण त्यातला पाव हिस्सा सोडियमच्या मिठाऐवजी पोटॅशियमचं मीठ होतं. बीपी वाढवतं ते सोडियम. पोटॅशियम त्याच्या उलट, ते बीपी उतरवायला मदत करतं. जवळजवळ पाच वर्षं अभ्यास चालला आणि 2021 साली निकाल आला.

साध्या मिठाच्या गावांत हजार माणसांमागे वर्षाला सुमारे 34 लकवे झाले. वेगळ्या मिठाच्या गावांत 29. हजारातले पाच कमी. मृत्यूही कमी झाले, शेकडा 12 नं. पाच हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण पाच म्हणजे पाच घरं. पाच अंथरुणं कमी, आणि त्या अंथरुणाशी बसून राहणाऱ्या पाच लेकी-सुना मोकळ्या. तेही कुणाला नवीन स्वयंपाक न शिकवता, फक्त डब्यातलं मीठ बदलून.

हा अभ्यास आपल्याला लागू का पडतो? कारण तिथल्या खेड्यात मीठ येतं ते मुख्यतः घरच्या स्वयंपाकातून, बाईच्या हातून. आपल्याकडेही तसंच आहे. जानेवारी 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं की साधं मीठ कमी करा आणि जे वापरता त्याऐवजी असं कमी सोडियमचं मीठ वापरता येईल.

पण थांबा. लगेच दुकानात पळू नका. हे मीठ सगळ्यांसाठी नाही. किडनीचा आजार असेल तर पोटॅशियम शरीरात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बीपीच्या, हृदयाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ सुरू करायचं नाही. गरोदर बाई आणि लहान मुलं यांच्यासाठीही ती शिफारस नाही. घरात एकच भाजी शिजते, तेव्हा घरातल्या प्रत्येकाचा विचार करावा लागतो. शिवाय आपल्याकडे हे मीठ साध्यापेक्षा बरंच महाग आहे. आणि एक गैरसमज. सैंधव किंवा खडा मीठ म्हणजे कमी सोडियमचं मीठ नव्हे. तेही बहुतेक सगळं सोडियमचंच असतं, आणि त्यात बरेचदा आयोडीन नसतं.

मग आपण काय करायचं? साधं मीठच, पण कमी. त्यासाठी आम्ही एक हिशोब मांडलाय. वही-पेन घ्या.

मोठ्या माणसाला दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 5 ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. घरात चार मोठी माणसं असतील तर दिवसाला 20 ग्रॅम. एक किलोचा पुडा किती दिवस जायला हवा? 50 दिवस. पाच माणसं असतील तर 40 दिवस. आपल्या देशात माणूस सरासरी 8 ग्रॅमच्या आसपास मीठ खातो. त्या हिशोबानं चार माणसांत पुडा महिन्याभरातच संपतो. आता तुमच्या घरात किती दिवस जातो? माहीत नाही ना? आम्हालाही नव्हतं. मग मिठाचा नवा पुडा फोडला की त्याच्यावर तारीख लिहायला लागलो. एवढंच. पुडा संपला की दिवस मोजायचे. लोणच्याला, वाळवणाला लागणारं मीठ वेगळ्या पुड्यातून घ्यायचं, म्हणजे हिशोब चुकत नाही. पण ते लोणचं, ते पापड पोटात जातात, हे विसरायचं नाही. म्हणून पुडा 50 दिवसांहून थोडा जास्तच पुरला पाहिजे.

आमच्या गटात पहिल्या वेळी सगळ्यात लवकर संपलेला पुडा 22 दिवसांचा होता. घरात माणसं चार. त्या ताईंनी शोध घेतला तेव्हा कळलं, भातात मीठ, भाकरीच्या पिठात मीठ, वरणात मीठ, वर ताटात डावीकडे चिमूट मीठ, आणि ठेचा. त्यांनी आधी भातातलं आणि भाकरीतलं मीठ बंद केलं. मग ताटातलं वाढणं थांबवलं. घरच्यांनी आठवडाभर तोंड वाकडं केलं. तीन-चार आठवड्यांत जिभेला सवय लागली. पुढचा पुडा 36 दिवस गेला. अजून 50 वर नाही, पण रस्ता सापडला.

चव राखायला आपल्याकडे काय कमी आहे? लिंबू, चिंच, आमसूल, लसूण, जिरं, कोथिंबीर, शेंगदाण्याचं कूट, ताजी हिरवी मिरची. सुकट, बोंबील करायचे असतील तर गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यायचं, वर मीठ घालायचं नाही. पापड रोज नाही. आणि मुलांच्या हातात पाच रुपयाचा कुरकुरीत पुडा देताना आठवायचं, त्यातही मीठच आहे.

कुणी म्हणेल, उन्हात राबणाऱ्याला मीठ लागतं की. घामातून मीठ जातं हे खरं. पण रोजच्या जेवणातून ते भरून निघण्याइतकं मीठ आपल्या पोटात जात असतंच. उन्हात आधी कमी पडतं ते पाणी. मात्र जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस द्यायचंच. तिथे बीपीचा विचार करून थांबायचं नाही.

गोळी कधी घ्यायची, किती दिवस घ्यायची?

आमच्या रेडिओवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, "गोळी सकाळी घेऊ की रात्री?" मध्यंतरी रात्री घेतलेलीच चांगली, असं खूप पसरलं होतं. मग ब्रिटनमध्ये 21 हजारांहून जास्त लोकांवर अभ्यास झाला. अर्ध्यांनी गोळी सकाळी घेतली, अर्ध्यांनी रात्री. पाच वर्षांहून जास्त काळ त्यांच्यावर लक्ष ठेवलं. 2022 साली निकाल आला. झटका, लकवा, मृत्यू, कशातही फरक नाही. म्हणजे उत्तर सोपं झालं. जी वेळ तुम्हाला आठवते, ती तुमची वेळ. चहाच्या कपाशी जोडा, देवाच्या दिव्याशी जोडा, रात्री दार लावण्याशी जोडा. पण रोज, त्याच वेळी. डॉक्टरांनी एखाद्या गोळीची खास वेळ सांगितली असेल तर मात्र तीच पाळायची.

दुसरा प्रश्न, "दोन-दोन गोळ्या का देतात? माझा आजार वाढलाय का?" घाबरू नका. एका औषधाचा डोस वाढवत नेण्यापेक्षा दोन औषधं थोडी थोडी दिली तर बीपी चांगलं उतरतं आणि त्रासही कमी होतो. आपल्या देशातच 32 केंद्रांवर, जवळजवळ 2 हजार रुग्णांवर एक अभ्यास झाला. दोन औषधं एकाच गोळीत, अशा तीन वेगवेगळ्या जोड्या देऊन पाहिल्या. सहा महिन्यांत तिन्ही जोड्यांनी सारखंच काम केलं, आणि जवळजवळ 70 टक्के लोकांचं बीपी 140/90 च्या खाली आलं. 2025 मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे "शेजारणीची गोळी माझ्यापेक्षा भारी" असं काही नसतं. गोळी नियमित घेणारी बाई आणि न घेणारी बाई, फरक तिथे पडतो. शेजारणीची गोळी मागून घ्यायची मात्र नाही.

तिसरा प्रश्न मावशींचा. "बीपी नॉर्मल आलं, आता बंद करू?" बाई, गोळी चालू आहे म्हणून नॉर्मल आलं. बांध घातला म्हणून पाणी अडलं. पाणी अडलंय तर बांध कशाला, असं आपण म्हणतो का? मीठ, वजन, तंबाखू सुधारल्यावर कधीकधी डॉक्टर डोस कमी करतात. पण ते मोजून, बघून. आपल्या मनानं नाही. पायाला सूज आली, कोरडा खोकला लागला, उठताना चक्कर आली, तर तेही गोळी टाकून द्यायचं कारण नाही. जाऊन सांगायचं, गोळी बदलून मिळते. आणि गरोदर असाल किंवा दिवस राहायचा विचार असेल तर आधीच सांगा. बीपीच्या काही गोळ्या पोटातल्या बाळाला चालत नाहीत. गोळी लगेच बदलून घ्यायची.

आणखी एक सांगायचं राहायला नको. अंगदुखीच्या गोळ्या. निंदणी, कापणीच्या दिवसात आपण दुकानातून पाकीटच आणतो आणि रोज एक गिळतो. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी बीपी चढतं आणि किडनीला इजा होते. बीपी असलेल्या बाईनं तर विचारल्याशिवाय अजिबात नाही.

गावानंच गावाचं बीपी उतरवलं

आता शेवटचा आणि आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. गोळी आहे, स्वस्त आहे, फुकटही मिळते. तरी बीपी ताब्यात का येत नाही? कारण डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतो. उरलेले एकोणतीस दिवस माणूस एकटा असतो. मग त्या एकोणतीस दिवसांत कुणी विचारणारं असलं तर?

हेच बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका इथल्या 30 ग्रामीण वस्त्यांत करून पाहिलं. आपल्या आशाताईंसारख्या तिथल्या सरकारी आरोग्य कार्यकर्त्या ठरावीक काळानं घरी जायच्या. बीपी मोजायच्या, खाण्यापिण्याचं बोलायच्या, आकडा जास्त असेल तर दवाखान्यात पाठवायच्या. दोन वर्षांनी, 2020 साली निकाल आला. या वस्त्यांत वरचा आकडा इतर वस्त्यांपेक्षा सरासरी 5 नं जास्त उतरला होता. नवीन औषध नाही, मोठं यंत्र नाही. घरी येऊन विचारणारी बाई.

चीनमध्ये याहून पुढचं पाऊल टाकलं. 326 गावं, सुमारे 34 हजार माणसं. निम्म्या गावांत तिथल्या गावडॉक्टरांना शिकवलं, ठरलेली पद्धत लिहून दिली, वर मोठ्या डॉक्टरांची देखरेख ठेवली. औषधं फुकट किंवा कमी किमतीत. घरी मोजायला मशीन. दीड वर्षानं या गावांतल्या 57 टक्के लोकांचं बीपी 130/80 च्या खाली होतं. बाकीच्या गावांत फक्त 20 टक्के. तीन वर्षांनी पाहिलं तर हृदयाचे आजार आणि लकवे मिळून एक तृतीयांशानं कमी, मृत्यूही कमी. आणि 2025 मध्ये त्याच गावांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. बीपी ताब्यात ठेवलेल्या गावांत म्हातारपणीचं विसरणं, ज्याला डिमेन्शिया म्हणतात, तेही 15 टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे गोळी नुसता लकवा टाळते असं नाही. सुनेचं नाव, घराचा रस्ता, चुलीवर ठेवलेलं दूध, हे सगळं आठवत राहायलाही तिची मदत होते.

आणि आपल्याकडे? 2017 च्या शेवटी आपल्या देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा मोठा सरकारी उपक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यातल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि आपले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा हे जिल्हे त्यात होते. त्याची रीत साधी. ठरलेली दोन-तीन औषधं, दवाखान्यात त्यांचा पुरेसा साठा, गोळ्या घराजवळच्या केंद्रात, प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि जो आला नाही त्याचा शोध. 2022 साली संयुक्त राष्ट्रांनी या कामाला पुरस्कार दिला. म्हणजे हे आपल्या मातीतही उगवतं. पण जो आला नाही त्याचा शोध घ्यायला गावात माणूस लागतो. नर्सताई एक, गावं चार. तिथे आपला गट कामी येतो.

एक मात्र लक्षात ठेवू. गोळी कोणती, किती, हे आरोग्य अधिकारी आणि डॉक्टर ठरवणार. आपण डॉक्टर व्हायचं नाही. आपण आठवण व्हायचं.

पुढच्या बैठकीत काय करायचं?

आमच्या गटात आम्ही चार गोष्टी सुरू केल्या. तुम्हाला पटल्या तर करून बघा.

एक. तिशीच्या पुढच्या प्रत्येक सदस्याचं आणि तिच्या घरातल्या मोठ्या माणसांचं बीपी वर्षातून एकदा तरी उपकेंद्रात मोजून घ्यायचं. ही तपासणी फुकट आहे. नवऱ्यालाही घेऊन जायचं. पुरुषांचं प्रमाण आपल्यापेक्षा जास्त आहे आणि दवाखान्यात यायची त्यांना आपल्यापेक्षा जास्त लाज.

दोन. बचतीच्या वहीत एक पान बीपीचं. जिला गोळी चालू आहे तिच्या नावापुढे "गोळी आहे" किंवा "गोळी संपत आली". हप्ता गोळा करताना विचारायचं, "गोळ्या किती उरल्या?" आठ दिवसांच्या उरल्या असतील तर पुढच्या बाजाराच्या दिवशी आणायच्या. मात्र पान लिहिण्याआधी त्या बाईला विचारायचं. सांगायचं नसेल तर तिच्यावर जबरदस्ती नाही, आणि वहीतलं पान गटाबाहेर जाणार नाही.

तीन. मिठाच्या पुड्यावर तारीख.

चार. लकव्याची खूण प्रत्येकीला, आणि घरातल्या पोरासोरांनाही पाठ. तोंड, हात, बोलणं. हसायला सांगा, तोंड वाकडं होतंय का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतोय का? नाव विचारा, बोलणं अडखळतंय का? तीनपैकी एकही दिसलं तरी घड्याळात वेळ बघायची आणि 108 ला फोन करायचा. तेल चोळायचं नाही, पाणी-चहा पाजायचा नाही, उतारा काढायचा नाही. वाहिनी तुंबून झालेल्या लकव्यात गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी डोक्याचं स्कॅन करावं लागतं. म्हणून जिथे स्कॅनची सोय आहे तिथेच न्यायला सांगायचं. आमच्या मावशींची अख्खी सकाळ तेल चोळण्यात गेली. ती सकाळ आता परत येणार नाही.

मावशी आजही प्रत्येक बैठकीला येतात. भिंतीला टेकून बसतात. बीपीचं पान निघालं की त्या डावा हात वर करतात, थांबा म्हणून. मग एकेकीकडे बघून अडखळत विचारतात, "गो... गोळी?" ज्या दिवशी गोळी घेतलेली नसते त्या दिवशी त्यांच्या डोळ्याला डोळा देणं अवघड जातं. आमच्या गटात सध्या सहाजणींना गोळी चालू आहे. गेल्या आठ महिन्यांत एकीचीही गोळी चुकून संपलेली नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, आज हे संपलं की एवढं करा. घरात कुणाची बीपीची गोळी असेल तर पाकीट हातात घ्या आणि उरलेल्या मोजा. कुणाचीच नसेल तर उद्या उपकेंद्रात जाऊन स्वतःचा आकडा विचारून या. आणि आला की वहीत लिहा, तारखेसकट.